सगळी औषधं एकाच पिशवीत आणा

जून लागला की लातूरच्या शिकवण्यांच्या भागात नव्या मुलांची गर्दी सुरू होते. परभणी, बीड, नांदेड, धाराशिवकडून आई-वडील मुलाला घेऊन येतात, खोली बघतात, मेस लावून देतात. परतीची बस धरण्याआधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक बाटली आणून टेबलावर ठेवतात. शंखपुष्पीचं सिरप. ‘रोज दोन चमचे घेत जा, वाचलेलं लक्षात राहतं.’ त्या बाटलीत आई-बापाची माया असते आणि बहुतेक मुलांना तिच्यापासून काही त्रासही होत नाही. पण त्याच मुलाला लहानपणापासून फिट येत असतील आणि त्यासाठी तो रोज फेनिटॉइनची गोळी घेत असेल, तर ही बाटली त्याच्यासाठी धोक्याची ठरू शकते. घरात हे कुणालाच माहीत नसतं, कारण गोळी देणाऱ्या डॉक्टरांना सिरपची कल्पना नसते आणि सिरप विकणाऱ्याला फिटची.

मी हे ऐकीव सांगत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात फेनिटॉइनवर असलेल्या दोन रुग्णांना, फिट आटोक्यात असताना, पुन्हा झटके येऊ लागले. चौकशी केल्यावर दोघंही शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषध घेत असल्याचं कळलं. मग तिथल्या औषधशास्त्राच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून पाहिले. शंखपुष्पी काही दिवस सोबत दिली की रक्तातलं फेनिटॉइनचं प्रमाण कमी होतं, आणि एकाच मात्रेनंही गोळीचा झटके रोखण्याचा गुण घटतो, असं दिसलं. हा अभ्यास १९९२ साली छापून आला. त्या औषधात शंखपुष्पीबरोबर ब्राह्मी, जटामांसी अशा सहा वनस्पती होत्या. त्यातली एकही विषारी नव्हती, आणि फेनिटॉइनची गोळीही उत्तम होती. दोन्ही एका शरीरात एकत्र आल्या तेव्हा बिघाड झाला.

त्याच संस्थेतल्या संशोधकांनी पुढे १९९४ साली गुग्गुळाबद्दल असंच काही दाखवून दिलं. गुग्गुळापासून केलेलं औषध सोबत घेतलं तर प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या रक्तात कमी उतरतात. आपल्याकडे गुडघे धरले की योगराज गुग्गुळ सुरू होतो, तो कुणाला विचारून सुरू होत नाही. बीपी अचानक का वाढलं याचा शोध मात्र मिठात आणि ताणतणावात घेतला जातो.

उलटंही घडतं. काळ्या मिऱ्यातल्या पायपेरिन या द्रव्यानं क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन शरीरात जास्त शोषलं जातं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनं याच गुणाचा उपयोग करून एक गोळी घडवली. एरवी ४५० मिलिग्रॅम लागणारं रिफाम्पिसिन तिच्यात २०० मिलिग्रॅम आहे, जोडीला १० मिलिग्रॅम पायपेरिन. म्हणजे मिऱ्याचा अर्क औषधाचा जोर दुपटीनं वाढवू शकतो. जाणत्या हातात हा फायदा आहे. पण तोच अर्क ‘इम्युनिटी’च्या कॅप्सूलमधून कुणी मनानं घेऊ लागला, तर सोबतच्या कोणत्या गोळीचा जोर किती वाढेल याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

आता आपल्या घराकडे पाहू. लातूरच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव सगळा महाराष्ट्र बघतो. पीक घरचं असल्यामुळे गव्हाच्या दळणात मूठभर सोयाबीन घालायची सवय अनेक घरांत आहे. प्रथिनांसाठी ती चांगलीच. पण घरात थायरॉइडची गोळी घेणारं कुणी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सोयाबीनचं पीठ, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची पातळ औषधं ही सगळी लेव्होथायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात आणि रक्तात नीट उतरू देत नाहीत. गोळी सकाळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम आणि लोह यांच्यात नि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. सोयाबीन सोडायची गरज नाही, ते जेवणात राहू द्या, फक्त गोळीपासून लांब. आणि खाण्यात ते नव्यानं आणलं असेल किंवा बंद केलं असेल, तर दीड-दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी करून घ्या. गोळीची मात्रा वाढवत नेऊनही थकवा जात नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला ‘गोळी कशासोबत घेता?’ हे आधी विचारलं पाहिजे.

गरोदर बाईला आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. दोन्ही एकदम गिळून मोकळं होण्याचा मोह असतो. पण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यावं आणि लोह त्यानंतर किमान दोन तासांनी. लोहाच्या गोळीवर लगेच चहा किंवा दूध नको, लिंबूपाणी चालतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर ते नुसत्या दूध-दह्याबरोबर किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नये. गोळीनंतर दोन तासांनी खुशाल घ्या. पोट साफ होण्यासाठी इसबगोल घेणाऱ्यांनी इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तास जाऊ द्यावेत. बहुतेक घरांतला अर्धा गोंधळ असं घड्याळाकडे बघून वेळा बदलल्या तरी मिटतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र केवळ वेळेनं भागत नाही. हृदयाची झडप बदललेले, पायाच्या शिरेत गाठ झालेले अनेक जण ॲसिनोकुमारॉल किंवा वॉरफॅरिन घेतात. ही गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते, आणि ते जीवनसत्त्व असतं हिरव्या पालेभाजीत. म्हणून काही रुग्णांना भाजीच बंद करायला सांगितलं जातं. ते बरोबर नाही. पालेभाजी खा, पण आठवड्याला साधारण तेवढीच खा. उन्हाळ्यात भाजी दिसत नाही आणि थंडीत रोज मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, असं झालं की रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आयएनआरचा आकडा हलतो. थंडी सुरू होताना आणि संपताना एकेक तपासणी जास्त करून घ्यावी. येळवशीचा सण आला की शेतातल्या पंगतीत पालेभाज्या घातलेली भज्जी खायची की नाही, असा प्रश्न या रुग्णांना पडतो. एका दिवसाच्या भज्जीनं आणि आंबिलीनं काही बिघडत नाही, आनंदानं खा. घात करते ती पंगतीनंतरची अंगदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक अशी वेदनाशामकं या गोळीसोबत पोटात रक्तस्राव घडवू शकतात. दाताच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगा की मी रक्त पातळ करण्याची गोळी घेतो. काही प्रतिजैविकं आणि बुरशीवरची औषधंही तिचा जोर धोकादायक वाढवतात.

हळदीचंही इथेच सांगायला हवं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि नांदेड-हिंगोलीच्या माणसाला हळद वाईट म्हटलेलं सहन होणार नाही. भाजीतली चिमूट आणि दुधातला अर्धा चमचा यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मिऱ्याचा अर्क घालून शोषण वाढवलेली कर्क्युमिनची कॅप्सूल ही स्वयंपाकातली हळद नव्हे. तिची मात्रा औषधाची असते, म्हणून तिला औषधच समजा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत ती स्वतःच्या मनानं घेऊ नका.

मोसंबीबद्दल मोबाइलवर एक संदेश फिरतो की कोलेस्टेरॉलच्या गोळीवर मोसंबी घेतली तर विषबाधा होते. मूळ माहिती ग्रेपफ्रूट या परदेशी फळाची आहे. ते आतड्यात औषध मोडणारं एक विकर बंद पाडतं, त्यामुळे ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या काही गोळ्या रक्तात साचतात. आपलं पपनस त्याच्या जवळच्या नात्यातलं, म्हणून अशा गोळ्या घेणाऱ्यांनी पपनस टाळलेलं बरं. मोसंबीवर तो आरोप नाही.

मधुमेहींचं दुखणं वेगळं. सकाळी फिरायला जायचं, वाटेत कारल्याचा रस, घरी आल्यावर मेथीचं पाणी, जेवणाआधी जांभळाच्या बियांचं चूर्ण आणि वर डॉक्टरांची ग्लिमेपिराइड. यातलं प्रत्येक साखर थोडी थोडी उतरवतं. १९७९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कारल्याची भाजी आणि मधुमेहाची गोळी यांच्या एकत्र परिणामाची नोंद आली होती, म्हणजे हे कोडं नवं नाही. दरदरून घाम, हातापायाची थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ, ही साखर फार उतरल्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. एकादशी, नवरात्र किंवा रोजे धरणार असाल तर गोळ्यांच्या वेळा आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या.

क्षयरोगाच्या रुग्णांना मी विशेष विनंती करेन. रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की इतर कितीतरी औषधं शरीरातून भराभर बाहेर टाकली जातात. गर्भनिरोधक गोळी निकामी होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी अपुरी पडते, मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून डॉक्टर त्यांची मात्रा वाढवतात. इथपर्यंत बहुतेकांचं लक्ष असतं. पण सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, सगळे सुटकेचा श्वास घेतात, आणि वाढवलेली मात्रा तशीच चालू राहते. दोनेक आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं आणि तीच मात्रा जास्त होऊ लागते. टीबीचं औषध संपण्याची तारीख बाकीच्या सगळ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

आठवडी बाजारात, यात्रेत, कधी घरपोच येणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांबद्दल मला राग आहे, आणि तो लपवायची इच्छा नाही. वर्षानुवर्षं दुखणारा गुडघा दोन दिवसांत पळायला लागला, तर त्या ‘जडीबुटी’त स्टेरॉइड कुटून घातल्याचा संशय घ्या. चेहरा गोल होणं, साखर आणि बीपी वाढणं, पोट सुटून हातपाय बारीक होणं या त्याच्या खुणा. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर ती एका दिवसात बंद करू नका, हे फार महत्त्वाचं आहे. शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करायचं विसरलेलं असतं आणि अचानक थांबल्यावर माणूस कोसळू शकतो. उरलेली पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू सोडवतील. तीच गोष्ट निनावी भस्मांची. अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अभ्यास २००४ चा.

म्हणून मी आयुर्वेदाच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्ही शास्त्रांचे शिकलेले लोक आपल्या दाराशी आहेत. नोंदणी असलेल्या वैद्याकडून परवान्याचा क्रमांक छापलेलं औषध घ्यायचं, आणि त्यांना आपल्या बीपी-शुगरच्या गोळ्या दाखवायच्या, यात अडचण कुठे आहे? डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर कायद्यानं ते अन्न आहे. कोणताही आजार बरा करण्याचा दावा त्याला करता येत नाही, मग ते विकणारा आपला पाहुणा का असेना.

गुळवेलीनं आपल्याला धडा दिला आहे. कोरोनाच्या काळात लिंबावर चढलेली वेल तोडून घरोघर काढे उकळले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांना लढू द्या. तुम्ही आधीच यकृताच्या दुखण्यावर असाल, किंवा प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं घेत असाल, तर ‘इम्युनिटी वाढवणारं’ काहीही विचारल्याशिवाय घेऊ नका. ज्येष्ठमधाचंही तसंच. गळ्यासाठी कधीतरी एखादी कांडी चघळणं ठीक, पण रोज भरपूर घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं. पाणी काढणारी गोळी चालू असेल तर जास्तच. ‘लो सोडियम’ मिठात याच्या उलटा धोका आहे. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये.

आपल्या भागातली आणखी एक अडचण म्हणजे गावोगावच्या फायली. देगलूर, धर्माबादचा माणूस हृदयासाठी हैदराबादला जातो, निलंग्याचा सोलापूरला. परत आल्यावर गुडघ्यासाठी गावातला दवाखाना, पित्तासाठी थेट मेडिकल. हैदराबादहून क्लोपिडोग्रेल मिळालेलं असतं आणि इथे पित्तासाठी ओमेप्राझोल सुरू होतं. ओमेप्राझोलनं क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो, त्याऐवजी पँटोप्राझोल चालतं, पण हे सांगायला कुणीतरी दोन्ही चिठ्ठ्या एकत्र बघायला हव्यात. कधी एकच बीपीची गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोनदा पोटात जाते. चक्कर येते ती अशक्तपणाची समजून वर टॉनिक चालू होतं. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्या चालू असताना, बीपीची गोळी, पाणी काढणारी गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र चालू राहिली तर मूत्रपिंडावर घाला पडतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारा.

यावर माझ्याकडे एक साधा उपाय आहे. एक कापडी पिशवी घ्या. घरातल्या त्या माणसाची झाडून सगळी औषधं तिच्यात घाला. गोळ्यांची पाकिटं, काढ्याच्या बाटल्या, चूर्णं, हकीमसाहेबांचं माजून, होमिओपॅथीच्या साखरगोळ्या, डोळ्यांचे थेंब, मालिशचं तेल, नातवाच्या जिममधली प्रोटीन पावडर, साखळी विक्रीतून आलेला रस, उपवासाला घेतो ती वेगळी गोळी. पुडीत बांधून मिळालेल्या सुट्या गोळ्या असतील तर देणाऱ्या डॉक्टरांना विनंती करा, ‘साहेब, नावं तेवढी लिहून द्या.’ ते लिहून देतात. दारू आणि तंबाखू पिशवीत घालता येत नाही, ते तोंडानं सांगा. सोबत एक कागद ठेवा. औषधाचं नाव पाकिटावरून जसंच्या तसं उतरवा, मोठ्या अक्षरातल्या कंपनीच्या नावाखालचं मूळ घटकाचं नावही लिहा, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, कोणी दिलं, कधीपासून. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातीकडून लिहून घ्या. मोबाइलमध्ये पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो असू द्यात. ही पिशवी प्रत्येक डॉक्टरांकडे, वैद्यांकडे, आणि ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे न्यायची. पूरक औषधं बहुधा ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून कधीही थांबवू नका.

नेहमीचं मेडिकल एकच ठेवा. तिथले नोंदणीकृत फार्मासिस्ट चार वर्षं शिकून किंवा पदविका घेऊन बसलेले असतात, त्यांना विचारणं हा आपला हक्क आहे. नवी गोष्ट सुरू करायची झाली तर एका वेळी एकच सुरू करा, म्हणजे काही झालं तर कशानं झालं ते कळेल. नवं औषध किंवा नवा काढा सुरू झाल्यावर, किंवा जुना बंद केल्यावर, पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. डांबरासारखी काळी शौच, अंगावर निळे डाग, डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, चक्कर, झापड, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ती चिकट नसते. शंका असेल तर दाखवाच.)

लोक सांगत का नाहीत? डॉक्टर रागावतात म्हणून. ‘मग त्यांच्याकडेच जा’ असं एकदा ऐकलेली आजी पुन्हा कधीच काढ्याचं नाव काढत नाही, काढा मात्र चालू ठेवते. म्हणून हा लेख वाचणाऱ्या डॉक्टरांना, वैद्यांना आणि हकिमांना हात जोडून सांगणं आहे की ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी, शांत आवाजात विचारा. केईएममधल्या त्या दोन रुग्णांचे झटके का परतले, ते याच प्रश्नानं उघड झालं.

आणि औषधानं त्रास झालाच, तर तो कळवण्याची सोय आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा भारत सरकारचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचा मोफत दूरध्वनी १८००-१८०-३०२४. कामाच्या दिवशी रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः तक्रार नोंदवू शकतात. फोनवर औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक लागतो, म्हणून रिकामं पाकीटही फेकू नका, त्याच पिशवीत ठेवा.